कापडाची बाळंतीण

एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला प्रसूतिशास्त्राच्या तोंडी परीक्षेत टेबलावर दोन वस्तू हमखास असतात. एक म्हणजे ओटीपोटाच्या हाडांचा सांगाडा, ज्याला आम्ही नुसते पेल्व्हिस म्हणतो, आणि दुसरी कापडाची, वर्षानुवर्षांच्या हाताळणीने मळलेली बाहुली. परीक्षक सांगतात की मूल पायाळू आहे असे समजा आणि काढून दाखवा. विद्यार्थ्याने बाहुली हाडांच्या कड्यातून योग्य त्या दिशेने फिरवत बाहेर आणायची. माझ्या परीक्षेत त्या बाहुलीचा एक हात शिवण उसवून लोंबत होता आणि घाबरलेल्या अवस्थेत मी नेमका तोच हात धरून ओढला. परीक्षकांनी शांतपणे सांगितले की बाळाचा दंड मोडला आहे, आता पुढे बोला. गुण गेले. पण ज्याचा हात मोडला ते बाळ कापडाचे होते, एवढे खरे.

ही चूक बाहुलीवर करावी, बाईवर करू नये, ही साधी गोष्ट आज कुणाला समजावून सांगावी लागत नाही. २०१९ पासून आपल्याकडे लागू झालेल्या वैद्यकीय अभ्यासक्रमात तर प्रत्येक महाविद्यालयात कौशल्य प्रयोगशाळा असावी असे बंधनच आहे. विमान उडवण्याआधी वैमानिक जमिनीवरच्या नकली कॉकपिटमध्ये बसतो, तसेच हे. मात्र विमानाचा शोध लागण्याच्या दीडशे वर्षे आधी एका सुईणीने हा विचार घेऊन सबंध फ्रान्स पालथा घातला होता. तिचे नाव आंजेलिक मार्गरीत ल बूर्सिए द्यु कुद्रे. आपण सोयीसाठी मादाम द्यु कुद्रे म्हणू, कारण त्यांच्या काळातही लोक त्यांना याच नावाने ओळखत.

अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जन्मलेल्या या बाईंनी पॅरिसमध्ये तीन वर्षे एका अनुभवी सुईणीच्या हाताखाली काढली, परीक्षा दिली आणि १७४० मध्ये त्या परवानाधारक सुईण झाल्या. पॅरिसची सुईण म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर येणारी खेड्यातली म्हातारी दाई नव्हे. ती शपथ घेतलेली, घरावर पाटी लावणारी, न्यायालयात साक्ष देणारी व्यावसायिक बाई असे. पण त्याच दशकात तिथल्या शल्यचिकित्सकांचे दिवस पालटत होते. १७४३ च्या राजाज्ञेने ते न्हाव्यांच्या संघटनेतून मोकळे झाले, त्यांची प्रतिष्ठा वाढली आणि बाळंतपणाच्या कामात पुरुषांचा शिरकाव होऊ लागला. या ओढाताणीत सुइणींचे शिक्षण मागे पडले. तेव्हा पॅरिसच्या सुइणींनी विद्यापीठाच्या वैद्यकशाखेकडे लेखी मागणी केली की आम्हाला शरीररचनेचे रीतसर शिक्षण द्या. या अर्जावर सही करणाऱ्यांत द्यु कुद्रे होत्या. शिक्षण मिळत नाही म्हणून भांडणारी ही बाई पुढे हजारोंना शिक्षण देणार होती.

१७५०च्या दशकाच्या सुरुवातीला त्या पॅरिस सोडून ओव्हेर्न्य प्रांतात गेल्या. मध्य फ्रान्समधला हा डोंगराळ, गरीब मुलूख. पॅरिसमधली सुस्थितीतली बाळंतपणे सोडून त्यांनी तिकडे जे पाहिले ते त्यांना पुढे आयुष्यभर पुरले.

ते काय असेल याची कल्पना करायला फार लांब जायला नको. आपल्या आजी-पणजीच्या पिढीत अडलेली बाई हा शब्द किती सहज वापरला जाई ते आठवावे. बहुतेक बाळंतपणे निसर्ग आपणच पार पाडतो. मूल डोक्याकडून येते, सुईण हात पुढे धरते, नाळ कापते. खरी परीक्षा उरलेल्यांत. दिवस भरलेल्या शंभर गर्भांत तीन-चार पायाळू असतात. शेकड्यांत एखादे आडवे असते. आडव्या मुलाचा हात आधी बाहेर येतो आणि दिसेल ते धरून ओढणे ही घाबरलेल्या माणसाची पहिली प्रतिक्रिया असते. पण हात ओढला की खांदा आणखी घट्ट अडकतो. अशा वेळी करायचे असते ते अगदी उलट. हात सोडून द्यायचा, आपला हात आत घालून मुलाचे पाय शोधायचे, ते खाली आणून मूल फिरवायचे. सिझेरियन करून बाई जगवणे त्या काळी जवळजवळ अशक्यच होते आणि चिमटे शल्यचिकित्सकांकडे असत. त्यामुळे आत गेलेला सुईणीचा हात हीच काय ती आशा.

आता जरा हिशेब करू. खेड्यातली सुईण वर्षाला पंधरा बाळंतपणे करत असेल, तर पायाळू मूल तिच्या वाट्याला दोन वर्षांतून एकदा येणार. आडवे मूल तर दहा-वीस वर्षांतून एकदा. पहिल्यांदा ती चुकणार, आणि त्या चुकीतून शिकलेले वापरायची वेळ येईपर्यंत ती म्हातारी झालेली असणार. दरम्यान एक बाई आणि एक मूल गेलेले. अनुभवाने माणूस शिकतो असे आपण म्हणतो, पण क्वचित घडणाऱ्या गोष्टीत अनुभव हा फार महागडा आणि फार संथ मास्तर आहे. सिम्युलेशनचा सगळा युक्तिवाद या हिशेबात आहे आणि तो द्यु कुद्रे यांना स्वच्छ कळला होता.

ओव्हेर्न्यमध्ये त्यांनी बायकांना शिकवायला सुरुवात केली तेव्हा पहिली अडचण भाषेची आली. विद्यार्थिनींपैकी बहुतेकींना लिहिता-वाचता येत नव्हते आणि पुष्कळजणी घरी वेगळीच बोली बोलत. लॅटिन-ग्रीक शब्दांनी भरलेली व्याख्याने त्यांच्या डोक्यावरून जात. चित्र दाखवावे तर चित्र सपाट असते. हाताला काय लागेल ते चित्रात दिसत नाही. सुईणीचे काम मुळात डोळ्यांचे नाहीच, ते बोटांचे. आत काय आहे हे अंधारात चाचपून ओळखायचे असते. तेव्हा शिकवणे बोटांनाच हवे, असे त्यांच्या लक्षात आले आणि त्यांनी सुई-दोरा हातात घेतला.

त्यांनी बनवलेल्या वस्तूला त्या यंत्र म्हणत. दिसायला ते यंत्र अजिबात नव्हते. पूर्ण वाढ झालेल्या बाईचा कमरेखालचा भाग, पोटापासून मांड्यांपर्यंत, बाळंतपणाच्या अवस्थेत, खऱ्याइतक्या आकाराचा. बाहेरून कातडे आणि फिकट गुलाबी कापड, आत कापूस. गर्भपिशवी, तिचे तोंड, योनिमार्ग हे सगळे शिवलेले. त्यात पट्टे आणि दोऱ्या अशा ओवलेल्या की त्या ओढल्या किंवा सैल सोडल्या की मार्ग ताणतो, आवळतो. कळ येताना काय होते ते हाताला कळते. सोबत पूर्ण दिवसांचे बाळ, सात महिन्यांचा गर्भ, जुळी, नाळ, वार. काही यंत्रांत स्पंज बसवलेले असत, ते योग्य क्षणी दाबले की पाणमोट फुटल्यासारखे पाणी येई, पुढे लाल रंगाचे पाणी येई. रक्त पाहून गांगरलेल्या हाताने काम कसे करायचे हेही शिकवायला हवे, हा विचार त्यामागे दिसतो.

बाहुलीकडे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. तिला शिवलेले नाक आहे, कान आहेत, डोक्यावर शाईने केस काढलेले आहेत. यात हौस नाही. नाक कुठल्या बाजूला आणि कान कुठे वळलेला आहे यावरून आत डोके कसे फिरले आहे ते बोटांनी ओळखायचे असते. बाहुलीच्या तोंडात जीभ आहे आणि बोट आत जाईल इतकी खोल पोकळी आहे. पायाळू मुलाचे अंग बाहेर येते, पण डोके मागे राहते आणि हनुवटी वर उचलली गेली तर ते अडकून बसते. त्या वेळी एक बोट मुलाच्या तोंडात घालून हनुवटी छातीकडे वाकवायची आणि मग हळूच डोके काढायचे, ही सतराव्या शतकातल्या मोरिसो या फ्रेंच प्रसूतितज्ज्ञाच्या नावाने ओळखली जाणारी युक्ती. आज आम्ही बोट तोंडात घालत नाही, गालाच्या हाडांवर ठेवतो, कारण जबड्याला इजा होऊ शकते. पण हालचाल तीच आणि मोरिसोचे नावही अजून तिला चिकटलेले आहे. द्यु कुद्रे यांची बाहुली हातात घेतलेल्या बाईला मोरिसो कोण हे ठाऊक नव्हते. तिच्या बोटाला मात्र वाट ठाऊक होती.

असे नमुने बनवणाऱ्या त्या पहिल्या होत्या असे काही ठिकाणी वाचायला मिळते, ते खरे नाही. लंडनमध्ये विल्यम स्मेली खऱ्या हाडांवर कातडे चढवून केलेल्या पुतळ्यांवर शिकवत होते. इटलीत बोलोन्याला जोव्हान्नी अंतोनियो गाल्ली काचेची गर्भपिशवी वापरत आणि परीक्षेत विद्यार्थ्याचे डोळे बांधत. पॅरिसमध्येही तसे नमुने होते. पण ती सगळी साधने मोठ्या शहरातल्या मास्तरांच्या खोलीत राहिली आणि फी भरू शकणाऱ्यांनाच हाताळायला मिळाली. द्यु कुद्रे यांचे यंत्र मऊ होते, हलके होते, घोडागाडीत घालून खेड्यापाड्यांत नेता येत होते, बिघडले तर शिवता येत होते. त्यांचे खरे मोठेपण शोधापेक्षा या वाहतुकीत आहे, असे मला वाटते. यंत्र घेऊन त्या स्वतः निघाल्या.

१७५०च्या दशकाच्या उत्तरार्धात पॅरिसच्या शल्यचिकित्सा अकादमीने यंत्र तपासून त्याला मान्यता दिली. १७५९ मध्ये त्यांचे बाळंतपणाच्या कलेवरचे छोटेखानी पुस्तक आले आणि त्याच वर्षी पंधराव्या लुईने त्यांना राज्यभर शिकवण्याची सनद दिली. राजाला सुइणींची एवढी कळकळ का वाटावी? फ्रान्स तेव्हा सप्तवार्षिक युद्धात गुंतला होता, वसाहती हातच्या जात होत्या आणि देशाची लोकसंख्या घटते आहे अशी भीती सरकारदरबारी पसरली होती. सैनिक हवेत, शेतकरी हवेत, मग जन्मणारी मुले वाचवा. गंमत अशी की ही भीती चुकीची होती. त्या शतकात फ्रान्सची लोकसंख्या वाढतच होती. चुकीच्या आकड्यांवरून एक चांगले काम उभे राहिल्याचे हे उदाहरण आहे. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात अशी आणखीही सापडतील.

पुढची वीसहून अधिक वर्षे द्यु कुद्रे रस्त्यावर होत्या. मूलँ, लिमोज, रोशफोर, काँ, रुआँ आणि अशी कितीतरी गावे. पद्धत ठरलेली होती. प्रांताच्या अधिकाऱ्याला आधी पत्र जाई. मुक्कामासाठी घर, जळणाला लाकूड, वर्गासाठी मोठी खोली, फर्निचर यांची व्यवस्था गावाने करायची. राजाची सनद सोबत असल्याने नाही म्हणणे अवघड, पण कुरकुर चाले. यंत्राची किंमत तीनशे लिव्र आणि ते गावाने विकत घ्यायचे, ही त्यांची अट. एवढे पैसे कापडाच्या बाहुलीवर कशाला घालवायचे, असे अनेक अधिकाऱ्यांना वाटे. या बाई मात्र अटीवर ठाम. त्यांचे म्हणणे सरळ होते की त्या निघून गेल्यावर यंत्र गावात राहिले नाही तर शिकवलेले टिकणार नाही. १७६०च्या दशकात त्यांना वर्षाला आठ हजार लिव्र वेतन आणि पुढे तीन हजारांचे निवृत्तिवेतन ठरले. साध्या मजुराच्या कमाईच्या ते कित्येक पट होते. पैशाच्या बाबतीत त्या भिडस्त नव्हत्या आणि ते बरेच झाले. सेवाभावी बाई फुकट राबते, या समजुतीला त्यांनी त्या काळात जागा दिली नाही.

अधिकाऱ्यांत त्यांना चांगले पाठीराखेही मिळाले. पुढे फ्रान्सचा अर्थमंत्री झालेला तुर्गो तेव्हा लिमोजचा कारभार पाहत होता. त्याने त्यांना साथ दिली. या साऱ्या उपक्रमाला जोडून आणखी एक गोष्ट त्याच सुमारास घडली. १७६१ मध्ये लियों शहरात क्लोद बूर्जला यांच्या पशुवैद्यक शाळेला मंजुरी मिळाली. युरोपातली ही पहिली पशुवैद्यक शाळा, आणि तिला राजाकडून बळ मिळवून देणारा अर्थमंत्री बेर्तें याच्याच कारकिर्दीत द्यु कुद्रे यांचा दौरा सुरू झाला होता. गुरांच्या साथींनी गोठे ओस पडत होते आणि बाळंतपणात बायका-मुले जात होती. राज्यकर्त्यांच्या हिशेबात दोन्ही एकाच वहीत मांडलेली हानी होती. वाचायला हे खटकते, पण दोन्ही शाळांना पैसा आला तो त्यामुळेच.

वर्ग साधारण दोन महिन्यांचा असे. विद्यार्थिनी निवडून पाठवायचे काम बहुधा गावच्या धर्मगुरूकडे. यालाही कारण होते. मूल जगत नाही असे दिसले तर त्याचा तातडीने बाप्तिस्मा करण्याचा अधिकार सुईणीला होता, त्यामुळे सुईण भल्या चालीची असावी यावर चर्चची नजर असे. एकेका गावी शंभराच्या आसपासही बायका जमत. आसपासच्या खेड्यांतून पायी आलेल्या, घर आणि शेत दोन महिने दुसऱ्यावर सोपवून आलेल्या. द्यु कुद्रे थोडे बोलत आणि पुष्कळ करून घेत. प्रत्येकीने आपली पाळी येताच यंत्रापुढे बसायचे, आत हात घालायचा आणि मूल कसे आहे ते सांगायचे. मास्तरणीने आत बाहुली कशी ठेवली आहे ते दिसत नसे. आज आडवी, उद्या पायाळू, परवा जुळी. चुकले की पुन्हा. वर्षाकाठी पंधरा बाळंतपणे पाहणाऱ्या बाईला दहा-वीस वर्षांतून एकदा भेटणारे आडवे मूल इथे एका आठवड्यात अनेकदा भेटे.

एक गोष्ट त्या आग्रहाने शिकवत असणार, हे यंत्राच्या रचनेवरूनच दिसते, ती वारेची. मूल झाले की सुटलो असे समजून नाळ हिसडून वार ओढायची घाई होते. वार सुटलेली नसताना ओढले तर भयंकर रक्त जाते, कधी गर्भपिशवीच उलटी होऊन बाहेर येते. बाळंतपणातला रक्तस्राव आजही जगभर मातांच्या मृत्यूचे एक प्रमुख कारण आहे. त्या यंत्रासोबत सुटी वार आणि नाळ होती ती उगाच नव्हे.

१७६९ मध्ये त्यांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती रंगीत चित्रांसह निघाली. वाचता न येणाऱ्या विद्यार्थिनीला हे पुस्तक घरी नेऊन चित्रांवरून उजळणी करता यावी, असा हेतू. रंगात छपाई त्या काळी खर्चिक आणि दुर्मीळ होती. पुस्तकाच्या सुरुवातीला लेखिकेचे चित्रही आहे, चांगले भरदार, आत्मविश्वासाने भरलेले. आपण कोण आहोत हे त्यांना ठाऊक होते.

पुढे त्यांनी शल्यचिकित्सकांनाही यंत्रावर शिकवायला सुरुवात केली, म्हणजे त्यांच्यामागे गावोगावी वर्ग चालू राहतील. हिशेब चोख होता, पण त्यात एक पेच होता. सुइणींना शिकवणारे मास्तर आता पुरुष होऊ लागले. बायकांच्या हातातले काम हळूहळू पुरुषांच्या देखरेखीखाली जाण्यात त्यांच्या या निर्णयाचाही वाटा आहे, असे म्हणावे लागते. दुसरीकडे, खेड्यातल्या जुन्या म्हाताऱ्या सुइणींना त्यांच्या वर्गात जागा नव्हती. तरुण, शिकण्याजोग्या बायका हव्या असत. दोन महिन्यांचे प्रशिक्षण घेऊन गावी परतलेल्या तरुणीवर गावचा विश्वास लगेच बसत नसे आणि सगळ्यांना सोडवणारी जुनी आजीच बायकांना जवळची वाटे. आपल्याकडे दाई-प्रशिक्षणाच्या योजना राबवणाऱ्यांना हे चित्र चांगले ओळखीचे असेल.

पॅरिसच्या काही तज्ज्ञांनी दोन महिन्यांत सुईण घडवण्याच्या कल्पनेची टर उडवली. त्यात मत्सराचा भाग असला तरी प्रश्न रास्त होता. यंत्र काय शिकवू शकत नव्हते? सगळ्यात मोठी उणीव डोळ्यांना दिसणारी नव्हती. हातावरून जंतू बाईच्या शरीरात जातात आणि बाळंतरोगाने ती आठवडाभरात दगावते, हे कुणालाच माहीत नव्हते. व्हिएन्नात सेमेलवाइस यांनी हात धुण्याचा आग्रह धरला तो १८४७ मध्ये, म्हणजे द्यु कुद्रे यांच्यानंतर अर्ध्या शतकाने. आत हात घालून मूल फिरवायला शिकलेली सुईण आडव्या मुलाच्या वेळी बाईचा जीव वाचवत होती आणि तोच न धुतलेला हात कधीकधी तिला ताप देत होता. कापडाच्या बाईला ताप येत नाही. नमुन्यावर शिकण्याची ही मर्यादा आजही आहे. नमुना बनवणाऱ्याला जे ठाऊक असते तेवढेच नमुना शिकवतो.

मग या सगळ्याचा उपयोग झाला का? द्यु कुद्रे यांनी स्वतः शिकवलेल्या बायकांची संख्या साधारण पाच हजार मानली जाते, त्याशिवाय शेकडो शल्यचिकित्सक. त्यांच्या शिष्यांनी शिकवलेल्यांची गणना वेगळीच. किती जीव वाचले याचा आकडा मांडणारे काही लेखक आहेत, पण तेव्हा नोंदी ठेवायची रीतच अशी होती की तो दावा मी करणार नाही.

पुरावा मिळायला अडीचशे वर्षे लागली. बाळाचे डोके बाहेर येऊन खांदा अडकतो ती अवस्था आम्हा लोकांना फार घाबरवते. घाबरलेला हात मान ओढतो आणि बाळाच्या हाताकडे जाणाऱ्या नसा ताणल्या जातात. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या एका रुग्णालयाने सगळ्या डॉक्टर-परिचारिकांना दरवर्षी नमुन्यावर हाच प्रसंग सोडवायला लावला. २००८ मध्ये त्यांनी प्रशिक्षणाआधीच्या आणि नंतरच्या बाळंतपणांची तुलना छापली. खांदा अडकलेल्या बाळांना जन्मताना इजा होण्याचे प्रमाण ९.३ टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आले होते. तेच रुग्णालय, बदलली ती हातांची सवय.

आजच्या यंत्रांत पुष्कळ प्रगती झाली. संगणकावर चालणारे, डोळे मिटणारे, नाडी लागणारे पुतळे आले. त्यांची किंमत ऐकून आपल्या जिल्हा रुग्णालयाचा लेखापाल त्या फ्रेंच अधिकाऱ्यांसारखाच कुरकुरेल. पण गरीब देशांतल्या प्रशिक्षणासाठी नॉर्वेच्या लेर्डाल कंपनीने बनवलेले मामानॅटली हे साधन पाहिले की हसू येते. ते कापडी आहे. शिकवणारी व्यक्ती ते पोटावर बांधून बसते, आतून बाहुली ढकलते, नळीतून लाल पाणी सोडते आणि कळा येत असल्यासारखी कण्हते. पशुवैद्यक महाविद्यालयांतही अडलेल्या गायीचा पूर्ण आकाराचा नमुना आणि त्यात उलटसुलट ठेवलेले वासरू यांवर विद्यार्थी हात घालून शिकतात. इंग्लंडमध्ये तर आत हात घातल्यावर गर्भपिशवीचा स्पर्श संगणकाने निर्माण करणारी गायही तयार झाली. गायीच्या बाबतीत निकड आणखी वेगळी आहे. एका गायीवर पन्नास विद्यार्थ्यांनी हात शिकायचा म्हटले तर ती बिचारी सांगणार कुणाला?

वय झाल्यावर, १७८०च्या दशकात, द्यु कुद्रे यांनी फिरणे थांबवले. आपले काम त्यांनी भाचीकडे सोपवले. ही भाची त्यांच्याबरोबर फिरत फिरतच तयार झाली होती, तिचे लग्नही त्यांच्याच हाताखालच्या कूतांसो नावाच्या शल्यचिकित्सकाशी झाले होते. हे जोडपे बोर्दो शहरात स्थिरावले, तिथे भाचीने पुढे प्रसूतिगृह चालवले, आणि मावशीबाई त्यांच्याकडे राहिल्या. मग क्रांती आली. राजाने दिलेल्या सनदेची आणि निवृत्तिवेतनाची किंमत राजाबरोबरच उतरली. ज्या बाईने आयुष्यभर गावांकडून आपले पैसे हक्काने वसूल केले, तिला म्हातारपणी सरकारकडे हात पसरण्याची पाळी आली. एप्रिल १७९४ मध्ये, क्रांतीतल्या दहशतीच्या ऐन दिवसांत, बोर्दोमध्ये त्यांचा मृत्यू झाला. नवऱ्याचा किंवा मुलांचा त्यांच्या कागदपत्रांत कुठे मागमूस नाही. हजारो बायकांना सुटायला शिकवणाऱ्या या मादामना स्वतःचे मूल नव्हते.

गावोगावी विकत घेतलेली ती यंत्रे वापरून वापरून झिजली, उसवली, टाकली गेली. वापरायच्याच वस्तू त्या. त्यांतले एकच आज शिल्लक आहे, रुआँ शहरातल्या फ्लोबेर आणि वैद्यक-इतिहास संग्रहालयात. कादंबरीकार फ्लोबेर याचे वडील त्या रुग्णालयात शल्यचिकित्सक होते, त्यांच्या जुन्या घरातच हे संग्रहालय आहे. काचेमागे गुलाबी रंग उडालेले कापड, पट्टे, दोऱ्या, नावांच्या चिठ्ठ्या शिवलेले सुटे भाग आणि ती उघड्या तोंडाची बाहुली. त्या कापडी धडाचा एक्स-रे काढला तेव्हा आत लाकूड किंवा वेत नव्हता. आत एका तरुण बाईच्या ओटीपोटाची खरी हाडे होती.